जंतनाशक देण्याआधी: वन्यजीवांच्या परजीवींचा अभ्यास करू पाहणाऱ्यांसाठी

पशुवैद्यकीय पदवीला परजीवीशास्त्र शिकवतात ते शत्रूची ओळख म्हणून. गाईच्या यकृतातला चपटा कृमी, शेळीच्या चौथ्या पोटातला हिमाँकस, कुत्र्याचा हुकवर्म. कुठे राहतो, काय नुकसान करतो, कुठलं औषध चालतं. गोठ्यापुरतं ते बरोबरच आहे. मी पदव्युत्तर शिक्षणाला हाच विषय घेतला आणि पुढे वन्यप्राण्यांकडे वळले, तेव्हा मात्र ही नजर मुद्दाम बदलावी लागली. या वाटेने येणाऱ्यांना मी तेच सर्वांत आधी सांगते.

कॅलिफोर्नियातल्या काँडोर गिधाडाची गोष्ट नीट वाचा. 1987 साली जगात फक्त 27 काँडोर उरले होते. सगळे पकडून त्यांचं बंदिस्त प्रजनन सुरू झालं, आणि काळजी म्हणून त्यांच्या पिसांतल्या उवा औषधाने मारल्या गेल्या. त्यातली एक जात, कोल्पोसेफॅलम कॅलिफोर्निसी, फक्त याच पक्ष्यावर जगत होती. काँडोर वाचला, आज मोकळ्या आकाशात उडतो. ती ऊ कायमची गेली. काँडोरांच्या जिवावर उठलं होतं शिकाऱ्यांच्या गोळ्यांतलं शिसं. उवांमुळे ते मरत होते असा पुरावा नव्हता.

आपल्याकडेही असंच एक प्रकरण चालू आहे. आसामच्या गवताळ पट्ट्यात पिग्मी हॉग हे जेमतेम 25 सेंटीमीटर उंचीचं रानडुक्कर राहतं. गुवाहाटीजवळ बसिष्ठ इथे 1996 पासून त्याचं प्रजनन होतं आणि 2008 पासून जनावरं जंगलात सोडली जातात. त्याच्या अंगावरची हिमॅटोपायनस ऑलिव्हेरी ही ऊ दुसऱ्या कुठल्याही प्राण्यावर आढळत नाही. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेच्या लाल यादीत ती ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून नोंदलेली आहे. यजमान, म्हणजे जिच्या अंगावर परजीवी जगतो ती जात, वाचवताना तिच्या उवेचाही विचार झाला पाहिजे, असं मला अगदी मनापासून वाटतं.

‘पण कशासाठी?’ हा प्रश्न तुम्हाला घरीही विचारतील आणि मुलाखतीतही. मी जपानचं उदाहरण देते. तिथल्या काही ओढ्यांकाठी केसासारखे लांब कृमी रातकिड्यांच्या पोटात वाढतात आणि वाढ पूर्ण झाली की यजमानाला पाण्याकडे खेचतात. रातकिडा पाण्यात पडतो, मासा त्याला खातो. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की तिथल्या एका दुर्मीळ माशाला वर्षभरात मिळणाऱ्या ऊर्जेचा सुमारे 60 टक्के वाटा अशा किड्यांतून येतो. कृमी काढून घेतला तर त्या माशाचं जेवणच तुटतं, आणि भुकेला मासा ओढ्यातल्याच किड्यांवर तुटून पडतो.

दुसरं उदाहरण वाघाचं. पॅरागोनिमस वेस्टरमानी हा फुप्फुसातला कृमी 1878 साली युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांत मेलेल्या वाघांमध्ये सापडला. त्याची अंडी पाण्यात फुटतात, पिल्लू आधी गोगलगाईत शिरतं, मग गोड्या पाण्यातल्या खेकड्यात, आणि तो खेकडा खाणाऱ्या मांजरकुळातल्या प्राण्यात प्रौढ होतं. एखाद्या वाघाच्या विष्ठेत ही अंडी दिसली तर त्या जंगलात गोगलगाय, खेकडा, वाहतं पाणी आणि वाघ यांची साखळी शाबूत आहे, हे एका काचपट्टीवर कळतं. इतकं सांगणारी चाचणी माझ्या माहितीत दुसरी नाही.

याचा अर्थ आजारी जनावर तसंच सोडायचं, असा कुणी लावू नये. 2018 साली गीरचे सिंह दगावले तेव्हा डिस्टेंपरच्या विषाणूसोबत गोचिडांतून पसरणारा बबेसिया हा रक्तातला परजीवीही सापडला होता. अशा वेळी उपचार झालेच पाहिजेत. नारूचा रोग आपण देशातून घालवला, 2000 साली तसं प्रमाणपत्र मिळालं, ते चांगलंच झालं. माणसाचे आणि पाळीव जनावरांचे परजीवी जपा असं कुणीच म्हणत नाही. माझा आक्षेप आहे तो सवयीने दिल्या जाणाऱ्या औषधाला. बचाव केंद्रात प्राणी आला की तपासणीआधीच आयव्हरमेक्टिन हे जंतनाशक टोचतात. त्याचा अंश विष्ठेत उतरतो आणि शेणकिड्यांनाही बाधतो. आधी नमुना तपासा, अंडी मोजा, जनावर खंगलंय का ते बघा, मग ठरवा.

आता कामाचं. बारावीनंतर नीट देऊन पशुवैद्यकीय पदवी आणि मग परजीवीशास्त्रात एम.व्ही.एससी. हा सरळ रस्ता. प्राणिशास्त्राच्या एम.एससी.वरूनही येता येतं. वर्गीकरणाची आवड असेल तर तोच रस्ता जास्त जवळचा. नमुने गोळा करण्याआधी वनविभागाची लेखी परवानगी हवीच. विष्ठा ताजी घ्या आणि आतल्या भागातली घ्या, कारण मातीतले सूत्रकृमी लगेच तिच्यात शिरतात आणि नवशिक्याला ते जंतच वाटतात. एक भाग फॉर्मॅलिनमध्ये, दुसरा अल्कोहोलमध्ये ठेवा. फॉर्मॅलिनमधून डीएनए नीट मिळत नाही. मिठाच्या पाण्यात अंडी तरंगवण्याची पद्धत सगळीकडे शिकवतात, पण चपट्या कृमींची जड अंडी त्यात हमखास निसटतात. त्यासाठी गाळ बसवूनच बघा. लांडगा-कोल्ह्याच्या विष्ठेला हातमोजे आणि मास्क घातल्याशिवाय हात लावू नका, हायडॅटिड, म्हणजे यकृतात पाण्याच्या गाठी करणाऱ्या फीतकृमीची अंडी माणसालाही लागतात.

आणि शवविच्छेदनाला उभं राहण्याची संधी सोडू नका. वाघाचं शव नियमानुसार जाळतात, त्यामुळे आतडी आणि फुप्फुसं उघडल्यापासून शव चितेवर जाईपर्यंतचा वेळच काय तो तुमचा. परवानगीपत्रात परजीवींचे नमुने घेण्याचा उल्लेख आधीच करून घ्या, अल्कोहोलच्या बाटल्या सोबत ठेवा, आणि कागदावर पेन्सिलीने प्राणी, अवयव, ठिकाण, तारीख लिहून ती चिठ्ठी बाटलीच्या आत टाका. शाई अल्कोहोलमध्ये पुसली जाते.