राजगड–तोरण्यासाठी हलके शूज घेताना

दिवाळीनंतर राजगड–तोरणा करायचा बेत असेल तर शूजचं गणपतीतच बघायला घ्या. नवी जोडी पायात रुळायला वेळ लागतो, आणि नाहीच जमली तर बदलून आणायलाही लागतो. घोट्याच्या वर येणारे जड बूट सोडून ट्रेल रनिंगचे, म्हणजे डोंगरवाटांवर पळण्यासाठी बनवलेले हलके शूज घालणारे आता गडागडावर दिसतात, आणि माझ्या मते सह्याद्रीसाठी ते बरोबरच आहे. फक्त दुकानात एक शूज हातावर तोलून ‘वा, काय हलका आहे’ एवढ्यावर पैसे मोजू नका. चढताना जवळपास कुठलाही शूज चालून जातो. त्याची खरी परीक्षा होते ती उतारावर, म्हणून निवड करायची ती उतारासाठी.

सगळ्यात आधी वाट डोळ्यांसमोर आणा. गुंजवण्याहून चोर दरवाजाने चढलात तर शेवटच्या टप्प्यात कातळातल्या पावठ्या, म्हणजे खोदलेल्या पायऱ्या, आणि रेलिंग आहे. मुक्कामाची परवानगी असेल तर तो पद्मावती माचीवर. दुसऱ्या दिवशी संजीवनी माची तुडवून अळू दरवाजातून बाहेर पडलं की घसारा सुरू होतो: कडक जमिनीवर बारीक मुरूम आणि त्यावर वाळलेलं, आडवं झालेलं गवत. त्या गवतावरून पाय सटकतो तो मुरमापेक्षाही वाईट. खाली खिंडीत डांबरी रस्ता ओलांडून पुन्हा डोंगराच्या धारेवर चढायचं. तिथे झाडी, करवंदाच्या जाळ्या, गुरांच्या वाटा आणि काटे. मग बुधला माचीखालची उभी चढण, सुटे दगड, कातळ. आणि सगळं अंग थकल्यावर तोरण्यावरून वेल्ह्याला उतरणं. तोरणा १४०३ मीटर उंच, म्हणजे गावापर्यंत साधारण साडेसहाशे-सातशे मीटरचा उतार, तोही पायांनी घासून गुळगुळीत झालेल्या दगडांवरून. आपल्याला जो शूज हवा तो या शेवटच्या दोन तासांसाठी.

आता वजन. ट्रेल रनिंगचा एक शूज साधारण अडीचशे ते साडेतीनशे ग्रॅमचा असतो, जाडजूड ट्रेकिंग बूट पाचशे ते सातशेच्या घरात जातो. पायातलं एक किलो पाठीवरच्या पाच किलोंइतकं दमवतं, असं डोंगरात फिरणारी मंडळी पूर्वीपासून म्हणत आली आहेत. लष्करी बुटांवर जे अभ्यास झाले त्यांतूनही साधारण असंच प्रमाण निघालं. कारण उघड आहे. पाठीवरचं ओझं एका गतीने पुढे सरकत राहतं, पायातलं मात्र प्रत्येक पावलाला उचलायचं, झोकायचं, थांबवायचं आणि पुन्हा उचलायचं.

हलक्या शूजचा विषय निघाला की अमेरिकेतल्या एमा गेटवूड यांची आठवण काढायलाच हवी. १९५५ साली, वयाच्या ६७ व्या वर्षी त्यांनी तीन हजार किलोमीटरहून लांब असलेली ॲपलाचियन ट्रेल एकटीने पार केली, तीही साध्या कॅनव्हासच्या शूजमध्ये. त्यांची गोष्ट सांगणारे बहुतेक लोक इथेच थांबतात. पण बाईंच्या खांद्यावर होती घरी शिवलेली एक पिशवी, आणि तिच्यात अगदी मोजकं सामान. हलका शूज निभावतो तो हलक्या सॅकबरोबरच. तेव्हा शूजच्या आधी सॅकवर हात फिरवा. पद्मावतीच्या देवळात जागा मिळणार असेल तर तंबू घरी राहू द्या, चौघांत मिळून एकच स्टोव्ह न्या, जाड जीन्स काढून ठेवा. पाण्यात मात्र काटकसर नको. धारेवर पाण्याचा भरवसा धरता येत नाही, त्यामुळे राजगड सोडताना माणशी तीन-चार लिटर हवंच. पाण्यासकट सॅक आठ-दहा किलोंच्या आत बसली तर हलके शूज बिनधास्त घ्या. पंधरा किलो पाठीवर घेऊन आठवडाभर चालायचं असेल, बर्फातून जायचं असेल किंवा घोट्याची जुनी दुखापत अजून कुरकुरत असेल, तर हा लेख तुमच्यासाठी नाही. कडक सोलचे बूटच घ्या.

घोट्याचा प्रश्न घरातली वडीलधारी मंडळी हमखास काढतात: ‘उंच बूट नकोत का रे, पाय मुरगळला म्हणजे?’ उंच कॉलरने थोडा आधार वाटतो, खडे आणि काटेही कमी शिरतात. पण मुरगळणारा पाय खऱ्या अर्थाने सावरतात ते पोटरीचे आणि घोट्याभोवतीचे स्नायू. त्यांची तयारी आजपासून करा. दात घासताना एका पायावर उभं राहायचं, मग दुसऱ्या. जमायला लागलं की डोळे मिटून. शिवाय जिन्याच्या पायरीवर चवडे टेकवून टाचा सावकाश खाली सोडायच्या आणि वर घ्यायच्या. जिममध्ये जायची काही गरज नाही.

दुकानात संध्याकाळी जा. दिवसभराच्या चालण्याने पाय थोडे फुगलेले असतात, आणि ट्रेकला तसेच फुगणार असतात. जे मोजे ट्रेकला घालणार तेच बरोबर न्या. दुकानातला पातळ मोजा घालून घेतलेलं माप फसवतं. दोन्ही पाय मोजा, मोठ्या पायाचं माप धरा. मग शूजच्या आतला इनसोल बाहेर काढून जमिनीवर ठेवा आणि त्यावर उभे राहा. करंगळी कडेच्या बाहेर लोंबत असेल तर तो शूज अरुंद आहे, मग कंपनी कितीही नावाजलेली असो. आपल्यापैकी पुष्कळांचं आयुष्य चपला-सँडलमध्ये गेलेलं असतं, चवडे ऐसपैस पसरलेले असतात. परदेशी कंपन्यांची निमुळती मॉडेलं अशा पायांना मानवत नाहीत. रुंद चवड्याचं मॉडेल आहे का ते आधी विचारा, नसेल तर दुसरं बघा. रुंदी मिळावी म्हणून एक नंबर मोठा घेणं हा उपाय नव्हे. त्याने टाच आत खेळायला लागते आणि फोड येतात.

लांबीची परीक्षा उतारावरच होते. नाड्या नीट बांधा, अंगठ्यापुढे हाताचा अंगठा मावेल एवढी जागा आहे का बघा, आणि दुकानातला जिना किंवा उताराची फळी दोन-तीनदा उतरा. नंतर पुढचं टोक जमिनीवर ठणकन आपटा. बोटं पुढे जाऊन टेकली तर वेल्ह्याला पोहोचेपर्यंत अंगठ्याची नखं काळी पडणार, याबद्दल शंका बाळगू नका. विक्रेता म्हणेल, ‘वापरल्यावर सैल होतात.’ कापड होतं सैल, लांबी वाढत नाही.

टाच थोडी उचलली जात असेल तर शूज लगेच नाकारू नका, आधी नाडी बदलून बांधा. बहुतेक ट्रेल शूजना सगळ्यात वर, जरा मागे सरकवलेलं एक जादा भोक असतं आणि ते कोणी वापरत नाही. नाडी त्याच बाजूच्या खालच्या भोकातून थेट वरच्या भोकात घाला, म्हणजे दोन्हीकडे एकेक छोटी फास तयार होईल. आता डावी नाडी उजव्या फासेतून आणि उजवी डाव्या फासेतून ओवा, खाली-मागे ओढा, मग गाठ मारा. टाच खोबणीत घट्ट बसते आणि चवड्यावर मात्र दाब येत नाही. तोरण्यावर उतार सुरू होण्याआधी दोन मिनिटं थांबून अशीच पुन्हा बांधायची.

सोलकडे सगळ्यात जास्त वेळ द्या. डोंगरात रबरी सोल आणले इटलीच्या विताले ब्रामानी यांनी. १९३५ मध्ये त्यांच्या गिर्यारोहणात सहा सोबती दगावले, त्यात पायातल्या अपुऱ्या बुटांचाही भाग होता. त्यानंतर १९३७ मध्ये त्यांनी खोल दात्यांचा रबरी सोल बाजारात आणला, तोच विब्रम. आज अनेक कंपन्यांच्या शूजखाली तो पिवळा अष्टकोनी शिक्का दिसतो. शिक्का बघून भुलू नका, विब्रमचीही रबरं बरीच आहेत, काही टिकाऊ आणि कडक, काही मऊ आणि चिकट. आपल्या काळ्या बेसॉल्टवर मऊ रबर लागतं. सोलवर नख दाबा. किंचित खूण उमटून लगेच भरून आली तर ठीक. प्लास्टिकसारखं टणक आणि चकचकीत लागलं तर खाली ठेवा. मऊ रबर लवकर झिजतं, हे मान्य करूनच घ्यायचं.

दाते तीन-चार मिलिमीटरचे पुरेत. पाच-सहा मिलिमीटरचे खोल दाते चिखलात छान रुततात, पण कोरड्या कातळावर सोल टेकायला जागाच कमी मिळते, पाय डुगडुगतो आणि दात्यांची टोकं भराभर उडतात. फुटबॉलचे स्टड घालून गडावर येणारी पोरं दिसतात. मातीत त्यांची मजा चालते, चोर दरवाजाच्या कातळावर बघवत नाही. आणि ओल्या शेवाळावर जगातलं कुठलंही रबर धरत नाही. तिथे शूज नाही, पाऊल कुठे टाकायचं ते बघावं लागतं.

मग शूज हातात घेऊन टाच आणि टोक धरून वाकवा. चवड्यापाशी वाकला पाहिजे. मधोमध दुमडला तर तो रस्त्यावर पळण्यापुरताच. ओला टॉवेल पिळतात तसा पिळून बघा, थोडा विरोध जाणवायला हवा. शेवटी एक हात आत घालून दुसऱ्या हाताचा अंगठा खालून जोरात दाबा. आत बोट टोचल्यासारखं कळलं तर बाभळीचा काटाही कळणार. गडाच्या पायथ्याच्या माळांवर हे काटे भरपूर असतात आणि सोलमधल्या मऊ फोममधून सहज आरपार येतात. काही मॉडेलांत चवड्याखाली प्लास्टिकसारखा पातळ, कडक थर असतो, त्याला रॉक प्लेट म्हणतात. असला तर उत्तम.

फोम किती जाड, हा सध्या फॅशनचा विषय झाला आहे. तीन-चार सेंटीमीटरच्या गादीवर सपाट वाटेने चालायला सुख वाटतं, पण कलत्या आडव्या वाटेवर पाय उंचावरून कलंडतो. मी मध्यम जाडीचाच घ्यायला सांगेन. टाच आणि चवड्याच्या उंचीतला फरक चार ते आठ मिलिमीटर असला की बहुतेकांना चालतो. अजिबात फरक नसलेले, म्हणजे झीरो ड्रॉपचे शूज सवय नसताना थेट अशा एका गडावरून दुसऱ्या गडावर जाणाऱ्या रेंज ट्रेकला घातले तर पोटऱ्या आणि टाचेमागची शीर बोलायला लागतात.

वॉटरप्रूफ घेऊ नका. पावसाळ्यात पाणी शिरतं ते वरून, घोट्यापाशी, आणि मग आत अडकून बसतं. दिवाळीनंतर पाऊस नसतो तेव्हा आत घामाने पाय उकडतो. जाळीचा शूज ओला होतो आणि चालता चालता सुकतोही. जाळी मात्र बारीक विणीची निवडा, कारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गवताची कुसळं. मोठ्या भोकांतून ती सरळ आत घुसतात, मोज्यात रुततात आणि प्रत्येक पावलाला टोचतात. एकेक उपटत बसण्यात अर्धा तास जातो. नाड्यांखालची जीभ दोन्ही बाजूंनी शिवलेली असेल तर मुरूमही आत येत नाही. घोट्यावर पातळ गेटर, म्हणजे शूजच्या तोंडावरून घ्यायची कापडी आवरणं, चढवले तर आणखी बरं.

किमतीचं म्हणाल तर अडीच-तीन हजारांपासून पंधरा हजारांपर्यंत सगळं मिळतं. ॲक्शनच्या ट्रेकिंग शूजवर सह्याद्रीतल्या एका पिढीने निम्मे गड केले, कारण स्वस्त आणि कातळावर घट्ट धरणारे. ते अजूनही वाईट नाहीत. आणि गावातले मामा प्लास्टिकच्या बुटात आपल्या पुढे निघून जातात ते पाहून खजील व्हायचं कारण नाही. त्यांचे पाय त्या वाटेवर वाढलेत.

आणलेले शूज पहिला आठवडा घरात आणि बाजारात घाला, मग सिंहगड किंवा पर्वती करा, आणि सिंहगडावरून उतरताना मुद्दाम पायवाटच घ्या. कुठे घासतंय, टाच हलतेय का, बोटं टेकतात का, हे तिथे कळतं. नखं ट्रेकच्या दोन दिवस आधी कापा, आदल्या रात्री नको.

सॅकच्या वरच्या कप्प्यात मोज्याची एक कोरडी जोडी, फोडांसाठी चिकटपट्टी, एक जादा नाडी आणि थोडी सुतळी ठेवा. सोलचा डिंक सुटला तर चवड्याभोवती सुतळीचे चार वेढे मारून वेल्ह्यापर्यंत येता येतं. फेविक्विकची छोटी ट्यूब वजनाला काहीच नाही. गडावर रात्री शूज देवळाबाहेर उघडे ठेवू नका, पिशवीत घालून उशाशी घ्या. सकाळी पाय घालण्याआधी उलटे करून झटका. विंचू आणि गोम दोघांनाही उबदार जागा आवडते.

घरी आल्यावर इनसोल काढून, ब्रशने माती झाडून, सावलीत वाळवा. वॉशिंग मशीन आणि कडक ऊन दोन्ही डिंकाचे वैरी. साधारण पाचशे ते आठशे किलोमीटरनंतर फोम बसतो, आपल्या दगडांवर दाते त्याआधीच सपाट होतात. तशी जोडी भाजी आणायला ठेवा, पावसाळ्यातल्या गडावर नको. आणि वर्षभर कपाटात पडलेली जोडी घेऊन निघणार असाल तर आठवडाभर आधी बाहेर काढून पूर्ण वाकवून बघा: सोलच्या कडेला फट दिसली तर चांभाराकडे शिवून घ्यायला अजून वेळ असतो.