एमएसच्या पेशंटचा ओसीटी: आकडा नंतर, रेघ आधी

एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदूच्या आणि डोळ्याच्या नसांना दुखावणारा आजार. ओसीटी म्हणजे डोळ्याच्या पडद्याचे थर प्रकाशाने मोजणारा स्कॅन. तो काढायला एमएसच्या पेशंटला मी सकाळचीच वेळ देते, सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये तर हट्टाने. अंग तापलं की दुखावलेल्या नसेतून संदेश नीट जात नाहीत, नजर तेवढ्यापुरती धूसर होते. उन्हातून आलेल्याला वीस मिनिटं पंख्याखाली बसू द्या, मगच हनुवटी टेकवायला सांगा.

एका ताईंची बुबुळं सतत आडवी थरथरायची. मशीनचं आय-ट्रॅकिंग चालू ठेवलं, मध्ये मध्ये डोळे मिटायला सांगितले, तेव्हा चौथ्या खेपेला स्कॅन मिळाला. घाई केली की फुकट जातं. डोळा कोरडा असेल तर आधी कृत्रिम अश्रूंचा थेंब घाला.

स्कॅन दोन: डोळ्याच्या नसेच्या तोंडाभोवती साधारण साडेतीन मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ, त्यावर तंतूंच्या थराची जाडी मोजायची, आणि मॅक्युला, म्हणजे पडद्याचा मधला भाग. एमएसचा हल्ला मायलिनवर, म्हणजे नसेच्या तंतूंवरच्या आवरणावर, पण पडद्यातल्या तंतूंवर मायलिन नसतंच, ते डोळ्याबाहेर पडल्यावर सुरू होतं. म्हणून इथला थर पातळ झाला की तंतूच गेले, असं धरायचं.

आता रेघ. थरांच्या सीमा मशीन आखतं, आणि चुकतंही. प्रत्येक काप उघडून बघा, घसरलेली रेघ हाताने सरळ करा. वर्तुळाचा मध्यही बघा. पहिल्या वर्षी माझ्याकडून ते नाकाकडे सरकलं होतं. तिकडची बाजू पातळ आली आणि आजार वाढला की काय म्हणून न्यूरॉलॉजिस्टांचा फोन. पुन्हा काढला, सगळं जागेवर. सिग्नल, मध्य, रेघा, पडद्याचा दुसरा आजार हे सगळं तपासायला ‘ऑस्कर-आयबी’ नावाची यादी आहे, ती मी भिंतीवर चिकटवलीय.

थर नेहमीपेक्षा पातळ वाटला की मशीन तो लाल दाखवतं. त्या लाल रंगाला घाबरू नका. मायनस सातचा चष्मा असला की निरोगी डोळाही लाल येतो. उलट नस नुकतीच सुजली असेल तर वर्तुळाचा आकडा चांगला, कधी जाडच दिसतो. अशा वेळी मॅक्युलातला गँग्लिऑन पेशींचा (ज्यांच्यापासून हे तंतू निघतात) थर बघा, तो आधी पातळ होतो. वर्तुळ तीन ते सहा महिन्यांनी परत काढा. दोन डोळ्यांत वर्तुळाच्या आकड्यात 5-6 मायक्रॉन किंवा गँग्लिऑन थरात 4 मायक्रॉन फरक दिसला, तर एका नसेला कधीतरी सूज येऊन गेली असावी. डॉक्टरांना तसं लिहून कळवा.

फिंगोलिमॉड हे एमएसचं औषध सुरू झालेल्यांचा मॅक्युला तीन-चार महिन्यांनी न चुकता बघा, तिथे पाणी साचू शकतं.

आणि फाइलवर मशीनचं नाव लिहा, ठळक. एका कंपनीच्या मशीनचे 92 मायक्रॉन आणि दुसरीच्या मशीनचे 86 यांची वजाबाकी करायची नसते. पेशंट मात्र दोन्ही कागद शेजारी ठेवून विचारतोच, “सहा कमी झाले का हो?”