कॅम्पर व्हॅनमधली गॅसगळती कशी शोधावी

कुंभार्ली घाट उतरून गुहागरला पोहोचेपर्यंत गाडीतलं सगळंच थोडंथोडं सैल झालेलं असतं, गॅसच्या जोडण्यासुद्धा. त्यात खारा वारा. नळी आवळणारी क्लिप इथे एका पावसाळ्यात गंज धरते. म्हणून व्हॅन घेऊन कोकणात उतरलो की चहाचं आधण ठेवण्याआधी मी साबणाचं पाणी करतो.

नुसत्या नाकावर भरवसा ठेवू नका. बाटल्यातला एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण. त्याला मुळात वास नसतो, म्हणून मर्कॅप्टन मिसळतात. पण नाक वासाला लवकर सरावतं, आणि बाजूला बोंबील वाळत असतील तर काहीच कळत नाही. शिवाय हा वायू हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड. तो खिडकीतून निघून जात नाही, खाली उतरून पलंगाखालच्या कप्प्यात साचतो. हवेत त्याचं प्रमाण साधारण २ टक्के झालं की एक ठिणगी पुरते.

गाडीचं दार उघडताच भपकन वास आला, तर तपासत बसूच नका. दारं सताड उघडी ठेवा, सगळ्यांना खाली उतरवा. सहज हात पोहोचत असेल तर रेग्युलेटर बंद करा. दिव्याचं बटण चालू करू नका आणि चालू असलेलं बंदही करू नका, इंजिनला हात लावू नका. लांब जाऊन मगच १९०६ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा.

वास नसेल तर दिवसाउजेडी तपासणी करा, शक्यतो सकाळी. दुपारचा समुद्रवारा फेस सुकवून टाकतो. गाडीची दारं उघडी हवीतच, फक्त वाऱ्याकडे गाडीची बंद बाजू करा. फ्रिज आणि इन्व्हर्टर आधीच बंद करून ठेवा, कारण ते आपोआप चालू होताना ठिणगी पडू शकते.

वाटीभर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन चमचे. अमोनिया असलेला क्लीनर वापरू नका, त्याने पितळेला चिरा जातात. बाटला उभाच ठेवा. शेगडीचे सगळे नॉब बंद करून रेग्युलेटर चालू करा. आता ब्रशने पाणी लावत चला: रेग्युलेटर बाटल्यावर बसतो तिथे, नळीची दोन्ही टोकं, नळी वाकते तो भाग, शेवटी शेगडीचे नॉब. गाडीत तांब्याची पाइप बसवलेली असेल तर तिचा प्रत्येक सांधा. गळती असेल तिथे बुडबुडा येतो, पण रेग्युलेटरच्या पुढे दाब फार कमी असतो, म्हणून तो सावकाश येतो. प्रत्येक जागी मिनिटभर डोळे लावून थांबा.

गुहागरला सुरूच्या बनाशेजारी असाच थांबलो होतो. आम्हा चौघांपैकी कुणालाच वास आला नव्हता. शेगडीकडच्या टोकाला लावलेला फेस विरला, पण एकाच ठिकाणी साबुदाण्याएवढा बुडबुडा उगवला, फुगला, फुटला आणि तिथेच दुसरा आला. रेग्युलेटर बंद करून क्लिप काढली, तर खाली नळीला केसाएवढी चीर. त्याच शेगडीजवळ रात्री मुलं झोपणार होती. आजही तो बुडबुडा डोळ्यांसमोरून जात नाही.

गळती सापडली की रेग्युलेटर बंद करा आणि बाटल्याच्या तोंडावर त्याला दोरीने बांधलेली टोपी बसवा. एम-सील, चिकटपट्टी, नळीचं टोक कापून पुन्हा बसवणं, यातलं काही करू नका. चिरलेली नळी अख्खी बदला. केशरी सुरक्षा ट्यूबची मुदत ५ वर्षं असते आणि तारीख तिच्यावरच छापलेली असते, पण किनाऱ्यावर वरचेवर फिरणाऱ्याने मुदत संपायची वाट बघू नये. माडांच्या वाडीत मुक्काम झाला असेल तर उंदराचे दातही शोधा. बाटल्याच्या तोंडातली रबरी रिंग खराब असेल तर एजन्सीच्या माणसालाच बोलवा. पक्क्या पाइपचा सांधाही गॅसफिटरकडूनच दुरुस्त करून घ्या.

नवी नळी बसली की पुन्हा साबण, पुन्हा तेवढंच थांबणं. मग सांधे गोड्या पाण्याने पुसून कोरडे करा. बाटल्याच्या कप्प्याच्या तळाला गॅस बाहेर जाण्यासाठी जाळी असते, तिच्यात वाळू अडकते. ती ब्रशने मोकळी करा. गॅस अलार्म बसवलात तर जमिनीलगतच बसवा. आणि गाडी चालू असताना रेग्युलेटर बंद असू द्या, दाभोळ-धोपावे फेरीबोटीवर चढवताना तर एकदा हात लावून खात्री करा.