तबल्याच्या साथीवर घर चालवायचंय? बारा-तेरा वर्षांत जे कळलं ते

"दादा, विशारद झालो, आता पुण्यात येऊन फुलटाइम तबलाच करायचा म्हणतोय, जमेल का?" हा फोन मला महिन्यातून एकदा तरी येतो आणि प्रत्येकाशी तासभर बोलणं होतं, म्हणून एकदाच नीट लिहून काढतोय. मी मूळचा तासगावचा, 2013 ला पुण्यात आलो, तेव्हापासून नोकरी केली नाही. साथसंगत, स्टुडिओ, कथकचे क्लास आणि शिकवण्या एवढ्यावरच घर चाललंय. सोलो वादनाची वाट वेगळी आहे, त्यावर बोलायचा मला अधिकार नाही. मी बोलतोय ते भावगीत, अभंग, नाट्यगीत, गझल असल्या कार्यक्रमांत मागे बसून वाजवणाऱ्याबद्दल.

आधी सर्टिफिकेटचं बोलू. गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिकपासून विशारदपर्यंतची परीक्षा देताना सात-आठ वर्षं जातात, ती वाया जात नाहीत, हात तयार होतो, कायदे-रेले पाठ होतात, आणि शाळेत किंवा क्लासमध्ये शिकवायचं काम मागायला गेलात तर तो कागद विचारतात. पण कार्यक्रमाला बोलावणाऱ्याने मला आजपर्यंत एकदाही विशारद आहेस का असं विचारलेलं नाही. तो दुसऱ्याला विचारतो, "अमुक पोरगा कसा वाजवतो, वेळेत येतो का, गायकाला त्रास देत नाही ना?" आणि हे ज्याला विचारलं जातं तो बहुतेक वेळा पेटीवाला, म्हणजे हार्मोनियम किंवा संवादिनी वाजवणारा, असतो. ही गोष्ट मला कळायला दोन वर्षं लागली. मी आपला गायकांच्या मागे, आयोजकांच्या मागे फिरत होतो, आणि कामं मात्र यायची ती संवादिनीवाल्या काकांकडून, की-बोर्डवाल्याकडून, निवेदन करणाऱ्या ताईंकडून. कारण गायकाला कार्यक्रमाची सुपारी आली की तो पहिला फोन पेटीवाल्याला लावतो आणि "तबल्याला कोण घेऊया?" हे त्यालाच विचारतो. म्हणून नवीन आलात की रिहर्सलला जा, नुसते बसा, पेटीवाल्याच्या डाव्या हाताकडे बघा, तो सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे घेतोय, मुखड्याआधी किती थांबतोय, ते ऐका.

साथ म्हणजे काय हे मला एका दिवाळी पहाटला कळलं. कोथरूडला मैदानावर कार्यक्रम, साडेपाचला सुरुवात, गाणाऱ्या ताई काळी चारला, म्हणजे पेटीवरच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून, गायच्या. मी ढाला, म्हणजे मोठ्या तोंडाचा खालच्या सुराचा, तबला आदल्या रात्री घरी एकदम सुरात लावून झाकून ठेवला आणि पाचला पोचलो, वाटलं आता फक्त बसायचं. मैदानावर दव पडलेलं, अर्ध्या तासात पुडी, म्हणजे तबल्याचं वरचं कातडं, ओलसर होऊन तबला पाव सूर उतरला. पहिलंच गाणं, ओम नमोजी आद्याचा सूर लागला आणि माझी चाट, म्हणजे तबल्याच्या काठावरचा ठोका, ऐकून माझेच कान लाल झाले. शेजारच्या पेटीवाल्या काकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, त्यांनी ओळ संपल्यावर षड्ज दोन मात्रा जास्त धरून ठेवला, तेवढ्यात मी गजऱ्यावर, पुडीभोवतीच्या चामड्याच्या वेणीवर, हातोडीने चार ठोके दिले. पुढच्या ओळीनंतर पुन्हा तेच. तीन ओळींत तबला सुरात आला आणि समोर बसलेल्या सातशे माणसांतल्या एकालाही कळलं नाही. मग सात वाजता ऊन आलं, हॅलोजन तापलेलेच होते, आणि तोच तबला चढायला लागला, तेव्हा गजरा खालून ठोकून उतरवत बसलो. तेव्हापासून मी मोकळ्या मैदानावर असेल तर तासभर आधी पोचतो, तबले बॅगेतून काढून तिथल्या हवेत ठेवतो आणि मगच हातोडीला हात लावतो. एसी हॉलमध्ये पण हेच, तिथली कोरडी हवा तबला वर नेते. आणि दोन तरी तबले जवळ ठेवा, एक काळी एक-पांढरी दोनसाठी लहान तोंडाचा, एक ढाला. ऐनवेळी गायक बदलला किंवा घसा बसला म्हणून पट्टी उतरवली तर एका तबल्यावर तुम्ही अडकता.

वाजवण्याचं एवढंच सांगतो की गाण्याच्या कार्यक्रमात लग्गी, म्हणजे ठेक्याऐवजी वाजवायचे भरीव जलद बोल, कुठे लावायची त्यापेक्षा कुठे नाही लावायची हे महत्त्वाचं. शब्द चालू असताना बोटं आवरा. नवीन मुलं दादऱ्यात, केरव्यात इतकं भरतात की कवितेचा शब्द गाडला जातो, मग गायक हसून "छान वाजवलंस" म्हणतो आणि परत बोलावत नाही.

आता पैसे. इथे आपल्या लोकांची जीभच वळत नाही, मानधनाचा विषय काढला की आपण कलेचा अपमान करतोय असं वाटतं. मलाही वाटायचं. 2015 मध्ये एका आयोजकाकडे मी ओळीने तीन कार्यक्रम वाजवले, शहराबाहेर, स्वतःच्या खर्चाने एसटीने जाऊन. प्रत्येक वेळी "होऊ दे कार्यक्रम, बघू आपण, तू घरचाच आहेस" असं उत्तर. तिसऱ्यानंतर फोन उचलणं बंद झालं. साडेसात हजार रुपये, त्या वेळी माझं दोन महिन्यांचं खोलीभाडं. भांडायला माझ्याकडे एक ओळसुद्धा लिहिलेली नव्हती. त्यानंतर मी एक सवय लावून घेतली, फोनवर बोलणं झालं की पाच मिनिटांत व्हॉट्सॲपवर मेसेज टाकायचा: "नमस्कार दादा, आत्ता बोलल्याप्रमाणे, अमुक तारीख, अमुक हॉल, रिपोर्टिंग चार वाजता, एकूण दोन रिहर्सल, मानधन इतकं, प्रवास वेगळा, निम्मे आधी आणि बाकी कार्यक्रमाच्या दिवशी. बरोबर आहे ना, एकदा ओके म्हणा." यात चिडण्यासारखं काहीच नाही, चांगला आयोजक लगेच ओके पाठवतो, आणि जो या मेसेजवर गप्प बसतो तो नंतर पैशावर पण गप्प बसतो, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता तारीख लिहून घेतच नाही. रिहर्सल किती ते मेसेजमध्ये घालायला विसरू नका, मानधन एका कार्यक्रमाचं आणि रिहर्सल सहा असं झालं की हिशेब पार कोलमडतो. शिवाय कार्यक्रमाचं शूटिंग होऊन यूट्यूबवर जाणार असेल तर तेही आधीच विचारा. 2012 ला आपल्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून वाजवणाऱ्यालाही परफॉर्मर म्हणून आपलं नाव दिलं जावं हे मागायचा हक्क आहे. मी आता सरळ म्हणतो, व्हिडिओच्या खाली तबला म्हणून माझं नाव घाला. त्या नावावरून मला नाशिकची आणि बेळगावची कामं आलीत. आणि कुणी स्वतः चाली लावत असेल तर त्याने आयपीआरएसचं सभासद होण्याची चौकशी जरूर करावी, ती संस्था संगीतकार आणि गीतकारांची रॉयल्टी गोळा करते.

टीडीएस, म्हणजे पैसे देणाऱ्यानेच आधी कापून भरलेला इन्कम टॅक्स, हा दुसरा विषय. संस्था, कंपन्या, कॉलेजं चेक देताना 10 टक्के कापून देतात, आणि आपण "कापले ते गेले" म्हणून सोडून देतो. ते गेलेले नसतात. तुमचं उत्पन्न टॅक्समध्ये येत नसेल तर रिटर्न भरून ते परत मिळतात. माझे पहिल्या दोन वर्षांचे गेले ते गेलेच, कारण मी पॅन कार्ड दिलं पण रिटर्न भरला नाही. आता एक साधी वही आहे, तारीख, कुणाचं काम, किती ठरले, किती आले, किती कापले. रिटर्न भरला की होम लोन, गाडीचं लोन मागायला गेल्यावर हातात कागद असतो, नाहीतर बँकवाला "पगाराची स्लिप?" एवढंच विचारतो.

वर्षाचं गणित आधीच डोक्यात ठेवा. गणपती, नवरात्र, कोजागरी, दिवाळी पहाट, मग डिसेंबर-जानेवारीचे महोत्सव, 27 फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, पाडवा पहाट, आषाढीला अभंग. मधे पितृपक्षात जवळपास काही नाही, आषाढीनंतर गणपतीपर्यंत पण ओढाताण. दिवाळीत हातात आलेले पैसे बघून हुरळून जायचं नाही, त्यातले मी निम्मे वेगळ्या खात्यात टाकतो. आणि महिन्याला ठरलेलं काहीतरी हवंच. माझं ते कथकच्या क्लासमुळे होतं, आठवड्यातून चार संध्याकाळी तिथे जाऊन तीनतालाचा ठेका आणि तोडे वाजवतो. काही जण याला कमी समजतात. मी सांगतो, लय पक्की करायची तर याच्यासारखं दुसरं काही नाही, तासभर विलंबित ठेका एकाच लयीत धरून दाखवा मग बोलू.

मार्च 2020 ला सगळे हॉल बंद झाले तेव्हा मला ऑनलाइन शिकवण्यांनी तारलं. अमेरिकेत न्यू जर्सी आणि बे एरियातली मराठी घरातली मुलं, तिकडची शनिवार सकाळ म्हणजे आपली रात्र. एकत्र वाजवता येत नाही, आवाज उशिरा पोचतो, म्हणून मी लेहरा, म्हणजे तालाच्या आवर्तनात फिरत राहणारी धून, रेकॉर्ड करून आधीच पाठवतो, मूल त्यावर वाजवतं आणि मी ऐकतो. ती शिकवणी अजून चालू आहे.

स्टुडिओत जायच्या आधी घरी मेट्रोनोमवर, म्हणजे एकसारख्या लयीत टिकटिक देणाऱ्या यंत्रावर, सराव करा. पहिल्या रेकॉर्डिंगला कानात क्लिक आल्यावर माझा केरवा पुढे पळत होता, अकरा टेक झाले. अरेंजर शांत माणूस होता म्हणून निभावलं. गाण्याबरोबर लय थोडी श्वास घेते, क्लिक घेत नाही, ते दोन्ही अंगवळणी पडायला वेगवेगळा रियाज लागतो. अंगठी, घड्याळ, कुरकुरणारा कुर्ता काढून बसा, माइक सगळं पकडतो.

एक गोष्ट जी कुणीही शिकवत नाही. एका तारखेला हो म्हटलंत आणि नंतर त्याच तारखेला दुप्पट पैशाचं काम आलं, तर आधीचं सोडू नका. अगदीच अडचण आली, घरात आजारपण वगैरे, तर बदली माणूस तुम्हीच शोधायचा, त्याला गाण्यांची यादी, पट्टी, लय, कुठे थांबायचं हे सगळं लिहून द्यायचं, आणि गायकाला स्वतः फोन करायचा. मेसेज नाही, फोन. हे क्षेत्र फार लहान आहे, पुण्यात टिळक स्मारकला झालेली गोष्ट त्याच रात्री ठाण्याच्या गडकरी रंगायतनला माहीत असते.

शेवटचं वाद्याबद्दल. माझी पुडी घालून देणारा माणूस अजून मिरजेचाच आहे. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा त्याच्या गल्लीत पेढे वाटले. तो तबल्याचा कारागीर, पण आनंद सगळ्या गल्लीचा. त्याचे पैसे मी कधी उधार ठेवत नाही, तोही आपल्यासारखाच, काम आलं तर कमाई. तबल्यावरची काळी शाई भरून घोटायची आणि वाळवायची तर हवा कोरडी लागते, पाऊस सुरू झाला की त्याचं काम रखडतं, म्हणून आषाढीच्या कार्यक्रमांआधी, मेच्या पहिल्या आठवड्यातच मी दोन्ही तबले त्याच्याकडे टाकतो. कुणाला आपला तबला दाखवायचा असेल तर तेव्हा माझ्याबरोबर चला, सकाळच्या गाडीने जाऊन रात्री परत येतो.