पत्ता कट झाला म्हणायच्या आधी: नॉमिनेशनवरून नीट भांडायचं कसं

ऑस्करची नॉमिनेशनं आपल्याकडे संध्याकाळी ७ वाजता जाहीर होतात, तिकडे लॉस एंजेलिसला तेव्हा पहाटेचे साडेपाच. आता संध्याकाळी ७ ला घोडबंदर रोडवर काय चाललेलं असतं ते ठाणेकरांना सांगायला नको. आमच्या ग्रुपमधले निम्मे लोक कापूरबावडीला अडकलेले, एक ऐरोलीहून निघालेला, एक ऑफिसच्या कॉलवर म्यूट करून बसलेली, आणि तरी ७ वाजून १० मिनिटांनी पहिला मेसेज पडतोच, "झोपले होते का हे लोक??" मग रात्री ११ पर्यंत नुसती आग, आणि एका वर्षी तर दोघं जण मे महिन्यापर्यंत एकमेकांशी बोलत नव्हते, तेही अशा पिक्चरवरून जो दोघांपैकी एकानेच पाहिला होता.

तर पहिली गोष्ट, त्या दिवशी भांडायचंच नाही. यादी बघा, शिव्या मनात द्या, आणि येणाऱ्या शनिवारी कोणाच्या तरी घरी जमा. आम्ही आमच्याकडे मानपाड्याला जमतो कारण डायनिंग टेबल मोठं आहे आणि सासूबाईंना गर्दी आवडते.

दुसरी गोष्ट आमच्या आत्याची देणगी. ती वर्षाला तीन-चार पिक्चर बघते, तेही टीव्हीवर, पण आयुष्यभर ठाणा ते व्हीटी नोकरी केलीय. कोणीतरी तावातावाने म्हणालं की अमक्याला डावललं, तर ती म्हणाली, "बरं, मग उठवू कोणाला ते सांग." लोकलमध्ये तीन जणांच्या बाकावर चौथा बसतो, "जरा सरकून घ्या" म्हटलं की काम होतं. इथे सरकून घ्या चालत नाही. अभिनयाच्या खुर्च्या ५, दिग्दर्शनाच्या ५, बेस्ट पिक्चरच्या १०, बस. त्यामुळे आमच्याकडे आता नियमच आहे की स्नब, म्हणजे डावललं, म्हणायचं असेल तर त्याच वाक्यात कोणाचं नाव काढणार ते बोलायचं, नाहीतर ते मत धरायचं नाही.

हा नियम लावला की अर्धी भांडणं जागच्या जागी बसतात, आणि उरलेल्यांना जरा धार येते. २०२४ ला ग्रेटा गर्विगला बार्बीसाठी दिग्दर्शनाचं नॉमिनेशन नाही मिळालं तेव्हा आमच्याकडे ज्वालामुखी फुटला होता. मग विचारलं, उठवू कोणाला? नोलान, स्कोर्सेसी, लँथिमॉस, ग्लेझर, आणि जस्टिन त्रिये, म्हणजे पाचात एक बाई होतीच, आणि बार्बीला एकूण ८ नॉमिनेशनं होती, गर्विगला पटकथेसाठी होतं, मार्गो रॉबीला निर्माती म्हणून होतं. याचा अर्थ राग खोटा होता असं नाही. पण "बाई म्हणून काढलं" हे एक वाक्य पुरत नाही, नक्की कुठल्या दारात अडकलं ते शोधावं लागतं.

आणि दारं वेगवेगळी असतात हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं. ऑस्कर म्हणजे कुठेतरी बसलेले १० परीक्षक नाहीत. ऑस्कर देणारी संस्था म्हणजे अकॅडमी, तिचे मतदार १० हजारांच्या आसपास आहेत आणि नॉमिनेशनच्या वेळी अभिनेते अभिनेत्यांना निवडतात, दिग्दर्शक दिग्दर्शकांना, संकलक संकलकांना, फक्त बेस्ट पिक्चरसाठी सगळे मत देतात. त्यामुळे पिक्चर १० मध्ये आणि दिग्दर्शक बाहेर असं झालं की "पिक्चर काय आपोआप बनला का" हा जोक मारायला ठीक आहे, पण यादी करणारे लोकच वेगळे होते.

आता मुख्य भाग, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलंय. मतं मोजतात कशी ते घरी करून बघा. खरंच करा, बोलून समजत नाही, मी तीन वर्षं बोलून बघितलं.

सामान: जुन्या लग्नपत्रिका कापून केलेल्या चिठ्ठ्या (मागची बाजू कोरी असते आणि कागद जाड असतो), श्रीखंडाचे रिकामे डबे पाच-सहा, आणि आकडेमोड करताना चिडत नाही असा एक माणूस. आम्ही ११ जण होतो. सुरुवातीला पिक्चर नको, जेवायला काय मागवायचं यावर मतदान घ्या, सगळे मन लावून करतात. प्रत्येकाने आवडीच्या क्रमाने चार नावं लिहायची. आमच्याकडे पहिल्या पसंतीत मिसळ ५, पावभाजी ३, डोसा २, बिर्याणी १. साध्या हिशोबाने मिसळ जिंकली, मिसळवाल्यांनी टाळ्या पण वाजवल्या. पण ११ मध्ये बहुमत म्हणजे ६. मग सगळ्यात खालची बिर्याणी बाद, त्या चिठ्ठीवर दुसरं नाव पावभाजी होतं म्हणून ती पावभाजीच्या डब्यात, झाले ४. मग डोसा बाद, त्या दोन्ही चिठ्ठ्यांवर दुसरी पावभाजीच, झाले ६. पावभाजी आली. मिसळवाले अजून म्हणतात फिक्सिंग झालं, पण झालं एवढंच की ज्यांना तर्री झेपत नाही त्यांनी मिसळ शेवटी टाकली होती आणि पावभाजीवर कोणाचाच राग नव्हता. बेस्ट पिक्चरचं अंतिम मतदान २०१० च्या सोहळ्यापासून असंच होतं, बाकीच्या कॅटेगरीत ज्याला जास्त मतं तो जिंकला. दरवर्षी कोणी ना कोणी म्हणतंच की एवढा दमदार पिक्चर सोडून असा गुळगुळीत का जिंकला, त्यांना ही पावभाजी खायला घाला.

पण नॉमिनेशनला गणित जवळजवळ उलटं आहे, आणि इथे लोकांचा घोळ होतो. तिथे कोणाचा राग नसून भागत नाही, कोणीतरी पहिल्या नंबरवर लिहावं लागतं. खुर्च्या ५ असतील तर एकूण चिठ्ठ्यांना ६ ने भागायचं आणि त्याच्या वरचा पुढचा आकडा घ्यायचा, तेवढ्या चिठ्ठ्या जमल्या की खुर्ची पक्की. ६०० चिठ्ठ्या असतील तर १०१. ज्याला पहिल्या पसंतीचं एकही मत नाही तो सुरुवातीलाच बाहेर, दुसऱ्या-तिसऱ्या नंबरवर शेकडो चिठ्ठ्यांवर नाव असलं तरी.

हे आम्ही मराठी पिक्चर घेऊन केलं. आजवरचे सर्वोत्तम ५ मराठी चित्रपट, ११ माणसं, म्हणजे खुर्चीला फक्त २ चिठ्ठ्या लागत होत्या. पहिल्या पसंतीत अशी ही बनवाबनवी ३ (कोण हसतंय? खुशाल हसा, ३ आहेत), उंबरठा २, जैत रे जैत २, कोर्ट २, आणि पिंजरा, श्यामची आई एकेक. म्हणजे चार खुर्च्या पहिल्याच फेरीत भरल्या. जास्तीच्या मतांची वाटणी वगैरे पण असते, ती घरी सोडून द्या, नाहीतर पावभाजी गार होते.

मग ऐरोलीवाला म्हणाला, "अरे फँड्री कुठाय?"

चिठ्ठ्या परत बाहेर काढल्या. नागराज मंजुळेंचा जातीवरचा फँड्री ११ पैकी ७ चिठ्ठ्यांवर होता. तिसरा, चौथा, पाचवा, परत तिसरा, चौथा, पाचवा, चौथा. पहिला एकावर पण नाही. एक मिनिट सगळे गप्प, कारण पाचच मिनिटांपूर्वी याच टेबलावर अमेरिकेतले गोरे लोक कसे आपापल्यांनाच मतं देतात यावर भाषण झालं होतं, आणि ते भाषण देणारीच्या, म्हणजे माझ्याच, चिठ्ठीवर फँड्री चौथा होता. द्वेष कोणाच्याच मनात नव्हता. "तो तर येणारच, कोणीतरी लिहीलच" म्हणून प्रत्येकाने वरची जागा आपल्या लहानपणच्या पिक्चरला दिली, आणि आमचं लहानपण सगळ्यांचं साधारण एकाच छापाचं, नौपाडा-डोंबिवलीतलं, आडनावं वाचली तरी कळेल.

मग दुसरा हिशोब निघाला. यादीत दिग्दर्शक बाई एकही नाही, पाचात दोन पिक्चर तर एकट्या जब्बार पटेलांचे. सुमित्रा भावेंचं काय? त्यांचे पिक्चर ४ चिठ्ठ्यांवर होते, पण एकावर देवराई, एकावर अस्तु, दोनावर कासव. मतं फुटली. म्हणजे एखादीने जास्त चांगलं काम केलं तर तिचं नुकसान, हे म्हटलं तर विनोदी आहे.

तेव्हा विविधता नाही असं म्हणायचं असेल तर असं मोजून म्हणा, आणि एका वर्षाच्या यादीवरून शक्यतो नको. २०१५ ला अभिनयाची २० च्या २० नॉमिनेशनं गोऱ्या कलाकारांना गेली, एप्रिल रेन यांनी ऑस्कर्स-सो-व्हाइट हा हॅशटॅग तेव्हा काढला, आणि २०१६ ला परत २० पैकी २०. एकदा झालं तर योगायोग म्हणाल, लागोपाठ दोनदा झालं की मतदार कोण आहेत ते बघायला लागतं. आणि ते आधीच बघून झालं होतं, लॉस एंजेलिस टाइम्सने २०१२ ला शोधून काढलं होतं की मतदारांत ९४ टक्के गोरे आणि ७७ टक्के पुरुष. मग अकॅडमीने २०१६ मध्ये ठरवलं की बायका आणि अल्पसंख्याक सदस्यांची संख्या २०२० पर्यंत दुप्पट करायची. टेबलावर असे आकडे ठेवले की समोरचा निदान ऐकून घेतो. नुसतं "सगळे रेसिस्ट" म्हटलं की माझा मेहुणा "मग हॅली बेरी?" म्हणून सुरू होतो, आणि त्याला सांगावं लागतं की बाबा ती २००२, त्यानंतर मुख्य अभिनेत्रीचं बक्षीस गोरी नसलेल्या दुसऱ्या बाईला, मिशेल योला, मिळालं ते थेट २०२३ ला.

आपल्याकडच्या निवडीवर भांडताना आधी शब्द साफ करून घ्या. भारताने पाठवलेला पिक्चर म्हणजे नॉमिनेट झालेला पिक्चर नाही. आंतरराष्ट्रीय गटात प्रत्येक देश एकच पाठवतो, आपल्याकडून फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाची समिती निवडते, त्यातून १५ ची शॉर्टलिस्ट होते आणि मग ५. श्वास, हरिश्चंद्राची फॅक्टरी, कोर्ट हे तीन मराठी पिक्चर पाठवले गेले, पाचात एकही नव्हता. पाचात पोचलेले तीनच, मदर इंडिया, सलाम बॉम्बे, लगान. आणि "ऑस्करच्या शर्यतीत" अशी बातमी आली की आधी बघा कसली शर्यत, कारण तिकडच्या ठराविक शहरांपैकी एका ठिकाणी सात दिवस थिएटरमध्ये लावला आणि फॉर्म भरला की दोन-तीनशे नावांच्या पात्र यादीत नाव येतं. ते सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर असण्यासारखं आहे, कमिटीत असण्यासारखं नाही.

२०२४ चं प्रकरण या बाबतीत सराव करायला एकदम भारी आहे, आम्ही तेच घेतो. पायल कपाडियाच्या ऑल वी इमॅजिन ॲज लाइटला मे महिन्यात फ्रान्सच्या कान महोत्सवात ग्राँ प्री, म्हणजे तिथलं दुसऱ्या नंबरचं बक्षीस, मिळालं, पिक्चर मुंबईतला, अर्धा कोकणात, पात्रं मल्याळम, हिंदी, मराठी बोलतात. समितीने पाठवला लापता लेडीज. १३ जणांची समिती, १३ च्या १३ पुरुष. एवढं ऐकलं की वाद संपला असं वाटतं, पण निवडलेला पिक्चर पण बाईचाच, किरण रावचा, आणि दोन बायकांची गोष्ट. मग समितीत बायका नसल्याने नक्की काय बिघडलं? इथे आमच्याकडे खरंच चांगलं भांडण होतं. वर त्याच वर्षी ब्रिटनने पाठवलेला संतोष, तोही हिंदी, शॉर्टलिस्टमध्ये गेला आणि आपला गेला नाही. आत्याला विचारा तर ती म्हणते, एक जागा आणि एवढा मोठा देश, हे भांडण वाटपाचंच आहे.

किरकोळ सूचना. पाहिला नसेल त्या पिक्चरवर बोलायचं असेल तर आधी "पाहिला नाहीये" म्हणायचं, मग हवं ते बोला. बॉक्स ऑफिसचे आकडे आणले तर पुढचा चहा त्याने करायचा. एखाद्या कलाकाराच्या लग्नाबद्दल बोलणं निघालं की विषय संपला समजा आणि गाड्या बुक करा, रात्री १० नंतर कासारवडवलीच्या पुढे रिक्षावाले येत नाहीत.

आणि चिठ्ठीवर पिक्चरच्या नावापुढे वर्ष लिहायला सांगा. आमची पाचवी खुर्ची त्यामुळेच अजून रिकामी आहे. पिंजरा आणि श्यामची आई, दोघांना एकेक मत, बरोबरी सोडवायला बसलो तर मेहुणा म्हणाला कुठली श्यामची आई, अत्र्यांची, जिला १९५४ ला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं, की २०२३ ची, जिला राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्तम मराठी चित्रपट म्हणून निवडलं? चिठ्ठी आत्याची होती. आत्या तोपर्यंत सासूबाईंबरोबर आतल्या खोलीत मालिका बघत होती आणि ब्रेक लागेपर्यंत बोलणार नाही म्हणाली.