पास झालेला थर नापास कसा निघतो? माती तपासताना या चुका टाळा

सबग्रेडला, म्हणजे रस्त्याच्या खालच्या मातीच्या थराला, हेवी प्रॉक्टरच्या एमडीडीच्या ९७ टक्के घनता लागते. प्रॉक्टर म्हणजे साच्यात माती हातोड्यानं ठोकायची प्रयोगशाळेतली चाचणी; तिच्यात मिळणारी सर्वात जास्त कोरडी घनता म्हणजे एमडीडी. आकडा बसत नाही म्हणून रोलरवाल्यावर ओरडण्याआधी आपली वही उघडा.

सगळ्यात महागात पडलेली चूक माझीच. रॅपिड मॉइश्चर मीटर, म्हणजे ओल मोजायची आपली कार्बाइडची बाटली. माती आणि पावडर टाकून हलवली, काटा १२ वर थांबला, मी ओल १२ टक्के लिहिली. पण हा काटा ओल्या मातीच्या वजनावर टक्केवारी दाखवतो, आपल्याला हवी असते कोरड्या वजनावरची. १२ भागिले ८८, म्हणजे १३.६ टक्के. एवढ्याशा फरकानं काय होतं ते बघा. थरात खणलेल्या खड्ड्यातली माती २३९० ग्रॅम, खड्ड्यात वाळू ओतून मोजलेलं आकारमान ११८० घनसेंमी, ओली घनता २.०२५ ग्रॅम प्रति घनसेंमी. ओल १२ धरली तर कोरडी घनता १.८०८, १३.६ धरली तर १.७८२. एमडीडी १.८५ होती. पहिल्या हिशेबानं ९७.८ टक्के, दुसऱ्यानं ९६.३. ओव्हनमधल्या नमुन्याशी ताडून पाहिलं तेव्हा मला घाम फुटला. तोवर वर दोन थर चढले होते.

मुरमात १०२ टक्के आले तर पेढे वाटू नका. प्रॉक्टरच्या साच्यात मोठे दगड चाळून बाजूला काढलेले असतात, खड्ड्यात मात्र ते असतात आणि वजन वाढवतात. त्यांची दुरुस्ती करा. दगडांचं कारण नसेल तर एमडीडी दुसऱ्याच खाणीची किंवा लाइट प्रॉक्टरची लावली आहे का ते बघा. लाइटचा हातोडा २.६ किलोचा, हेवीचा ४.९ किलोचा; एकाच मातीचे दोन वेगळे आकडे येणारच. आणि दगडाळ मुरमात कोअर कटर (नमुना काढायची पोलादी नळी) ठोकत बसू नका, तिथं वाळूचीच पद्धत.

वाळू ओतताना शेजारी रोलर चालू असेल तर थांबवा. हादऱ्यानं वाळू दबते, खड्ड्यात जास्त मावते आणि चांगला थरही कमी घनतेचा दिसतो. पावसाळ्यात दमट वाळू नीट पडतच नाही.

सीबीआर म्हणजे मातीत दट्ट्या दाबून तिची ताकद टक्क्यांत मोजायची चाचणी. तिचा साचा चार दिवस पाण्यात ठेवायचाच. काळी माती कोरडी असताना दगडासारखी वाटते, भिजली की सीबीआर दोन-तीन टक्क्यांवर येतो. दट्ट्या ५ मिमी आत गेल्यावरचा सीबीआर २.५ मिमीच्या सीबीआरपेक्षा जास्त निघाला तर चाचणी पुन्हा करा. पुन्हा तसंच आलं तर ५ मिमीचा धरा. भार आणि दट्ट्याची खोली यांच्या आलेखाची सुरुवात खोलगट असेल तर त्याचा शून्यबिंदू सरकवायला विसरू नका, नाहीतर सीबीआर उगाच कमी येतो.

आणि रोलरपुढे माती गादीसारखी हलायला लागली तर फेऱ्या वाढवून काही होत नाही. टँकरवाल्यानं पाणी जास्त मारलंय. थर उकरा, उन्हात सुकू द्या, मग दाबा.