कनेक्टर लावण्याआधी हाताशी काय काय हवं

वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमधल्या एका अडत्याची आवक आम्ही गूगलच्या क्लाउड एसक्यूएल या डेटाबेस सेवेवर, पोस्टग्रेसमध्ये नोंदवतो. शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, काढणारा नोड.जेएसचा प्रोग्राम ऐरोलीत बसून लिहिला आणि डेटाबेसपर्यंत जायला क्लाउड एसक्यूएलचा नोड कनेक्टर घेतला. कोड जेमतेम चाळीस ओळींचा. दोन दिवस गेले ते बाकीच्या गोष्टींत. त्या गोष्टी आधी कोणत्या क्रमाने उरकायला हव्या होत्या, ते इथे लिहितोय.

सुरुवात इन्स्टन्सच्या, म्हणजे आपल्या डेटाबेस सर्व्हरच्या, कनेक्शन नावापासून. कनेक्टरला आयपी पत्ता नको असतो. त्याला प्रोजेक्ट, रीजन आणि इन्स्टन्स अशी कोलनने जोडलेली तीन नावं लागतात. ती कन्सोलवरून कॉपी करा, हाताने टाइप करू नका. रीजन त्यातच दिसतो; मुंबईचा रीजन म्हणजे एशिया-साउथ१. प्रोग्रामही तिथेच चालणार आहे ना, तेवढं बघा. प्रोग्राम अमेरिकेत आणि डेटाबेस मुंबईत असेल, तर प्रत्येक क्वेरी समुद्र ओलांडून जाते-येते, आणि एका पट्टीला दहा-बारा क्वेऱ्या सहज लागतात.

मग परवानग्या. प्रोजेक्टमध्ये क्लाउड एसक्यूएल ॲडमिन एपीआय चालू हवा आणि सर्व्हिस अकाउंटला (प्रोग्राम ज्या खात्याने गूगल क्लाउडमध्ये वावरतो त्याला) ‘क्लाउड एसक्यूएल क्लायंट’ हा रोल हवा. पासवर्डऐवजी आयएएमने, म्हणजे गूगल क्लाउडच्या ओळख-परवानगी व्यवस्थेने, लॉगिन करायचं असेल तर ‘इन्स्टन्स युजर’ हा रोलही द्या. एवढं करूनही टेबल वाचता येत नाही, आणि इथे जवळजवळ प्रत्येकजण अडकतो. आयएएमचे रोल दारापर्यंत सोडतात. टेबलावरची परवानगी पोस्टग्रेसच्या आत ग्रँट करून वेगळी द्यावी लागते. आणखी एक खोच म्हणजे, पोस्टग्रेसमध्ये सर्व्हिस अकाउंटचं युजरनेम लिहिताना शेवटचं ‘.जीसर्व्हिसअकाउंट.कॉम’ गाळायचं असतं. स्वतःच्या लॅपटॉपवर चालवणार असाल तर जीक्लाउड या गूगलच्या कमांड-लाइन साधनातून ॲप्लिकेशन डीफॉल्ट क्रेडेन्शियल्सचं लॉगिन करून घ्या. नुसतं जीक्लाउडचं लॉगिन कनेक्टरला पुरत नाही.

नेटवर्क तपासायला विसरू नका. पोस्टग्रेस म्हटलं की आपण ५४३२ पोर्टचा विचार करतो, पण कनेक्टर बाहेर पडतो ३३०७ वरून, आणि एपीआयशी बोलायला ४४३ लागतो. आमच्या इमारतीच्या वाय-फायवर ३३०७ बंद होता. अर्धा दिवस कोड उलटापालटा केला. शेवटी कुणीतरी मोबाइलचा हॉटस्पॉट लावला आणि पहिल्या झटक्यात जोडणी झाली. पब्लिक आयपी असेल तर आपला पत्ता ‘ऑथोराइज्ड नेटवर्क्स’मध्ये घालायची गरज नसते, ते काम कनेक्टरचं प्रमाणपत्र करतं. प्रायव्हेट आयपी असेल तर मात्र रस्ता तुम्हालाच आखावा लागतो. कनेक्टर कुलूप उघडतो, रस्ता बांधत नाही.

कोडमध्ये कनेक्टर आणि पूल (डेटाबेसच्या जोडण्यांचा राखून ठेवलेला साठा) प्रोग्राम सुरू होताना एकदाच तयार करा, दर रिक्वेस्टला नाही. पूलची कमाल मर्यादा स्वतः ठरवून लिहा. नोडमधून पोस्टग्रेसशी बोलणारी पीजी लायब्ररी मुकाट्याने १० धरते, आणि प्रोग्राम चालवणाऱ्या गूगलच्या क्लाउड रन सेवेवर त्याच्या २० प्रती उभ्या राहिल्या की डेटाबेसवर २०० जोडण्यांचा भार येऊ शकतो. पूलमधून क्लायंट, म्हणजे एक जोडणी, घेतलात तर एररच्या वाटेवरही तो परत करा. नाहीतर दहा क्लायंट अडकले की अकराव्या मागणीला ना उत्तर येतं ना एरर, कारण वाट बघायची मर्यादा मुळात शून्य, म्हणजे अमर्याद आहे. तीही आकडा घालून ठरवा. क्वेरीत शेतकऱ्याचं नाव चिकटवू नका. डॉलरचं चिन्ह आणि क्रमांक लिहून किंमत वेगळी पाठवा. हे सगळ्यांना माहीत असतं, तरीही घाईत राहून जातं.

आता तारीख. जुन्नर, नाशिककडच्या गाड्या मार्केटात रात्रीतून येतात. पहाटे तीनला लागलेली गाडी यूटीसीत, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाण वेळेत, आदल्या दिवशीच्या रात्री साडेनऊची असते. डेटाबेस यूटीसीवर, क्लाउड रनचा कंटेनरही यूटीसीवर, त्यामुळे पहाटे साडेपाचच्या आधीची सगळी आवक कालच्या तारखेत जाऊन बसली. अडत्या म्हणाला, “काल तर मार्केट बंद होतं!” वेळेचा कॉलम टाइमझोनसह ठेवा आणि तारीख काढण्याआधी क्वेरीतच ‘एशिया/कोलकाता’ची वेळ करून घ्या. जावास्क्रिप्टच्या भरवशावर सोडू नका.

वजनाचंही तसंच. न्यूमेरिक कॉलम पीजी लायब्ररी मजकूर म्हणून देते, दशांश बिघडू नये म्हणून. हेतू चांगला, पण ५०.५० आणि ४८.२५ किलोच्या दोन गोण्यांची बेरीज आमच्याकडे ५०.५०४८.२५ अशी छापून आली. बेरीज एसक्यूएलमध्येच करा.

बंद करायचा क्रमही आधीच लिहून ठेवा: पहिल्यांदा पूल, मग कनेक्टर. क्लाउड रन थांबण्याची सूचना दिल्यावर १० सेकंद देतं, तेवढ्यात हे उरकायला हवं.

चाचणीसाठी पहाटे तीनची एक खोटी गाडी आणि अपूर्णांकातल्या वजनाच्या दोन गोण्या टाका. पट्टीवर तारीख आणि बेरीज दोन्ही बरोबर आली की अडत्याला फोन करा. पण दुपारनंतर; सकाळी लिलाव सोडून तो फोन उचलत नाही.